अंगण मोठे, स्पीकर लहान : निवड कशी करावी?

पुण्या-मुंबईत स्थायिक झालेली मराठवाड्यातील मंडळी सणावाराला गावी निघाली, की पिशवीत आई-वडिलांसाठी काहीतरी असतेच. एके काळी त्या पिशवीत ट्रान्झिस्टर असे. पुढे टेपरेकॉर्डर आला, मग सीडी प्लेअर. २००३-०४ नंतर खिशात मावणारा म्युझिक प्लेअर आणि तो टेकवून गाणी ऐकवणारा 'स्पीकर डॉक' आला. आता डॉकची जागा ब्लूटूथ स्पीकरने घेतली आहे. उपकरणे बदलली तरी अपेक्षा तीच राहिली. सकाळी घरात भूपाळी, अभंग, कीर्तन ऐकू यावे आणि ते लावण्यासाठी कोणा नातवाची वाट पाहावी लागू नये.

प्रत्यक्षात असा हौसेने नेलेला स्पीकर अनेकदा वर्षभरात कपाटात जाऊन पडतो. कधी बॅटरी दगा देते, कधी नवा प्लेअर जुन्या खाचेत बसत नाही, तर कधी आवाज भरपूर असूनही शब्द कळत नाहीत म्हणून वडीलधारी मंडळीच तो बंद करून ठेवतात. दुकानातील वातानुकूलित दालनात पाच मिनिटे ऐकून केलेली निवड गावच्या अंगणात चुकते, याची कारणे शोधली तर ती फार अवघड नाहीत.

ती समजून घेण्यासाठी धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवू. तेरणाकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात व्यापारी नगर म्हणून पैठणबरोबर त्याचा उल्लेख येतो. येथे सापडलेल्या मातीच्या आणि हस्तिदंताच्या वस्तू गावातील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळतात. मराठी माणसाला मात्र तेर ठाऊक आहे ते संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून. येथेच त्यांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी कोपऱ्यातले थापटणे पाहून 'हे कशासाठी', असे विचारले आणि मग गोरोबाकाकांनी त्याच थापटण्याने एकेका संताचे मस्तक ठोकून कोण पक्का, कोण कच्चा हे पाहिले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. नामदेव महाराज तेव्हा कच्चे ठरले, हेही सर्वांना माहीत आहे.

कथेचा पारमार्थिक अर्थ मोठा आहे; पण तिच्यातील व्यवहार कुंभाराच्या रोजच्या कामातला आहे. मडके पक्के भाजले की नाही, हे त्याच्या रंगावरून कळत नाही, वाजवून पाहावे लागते. स्पीकरच्या खोक्यावरील आकड्यांचेही तसेच आहे.

डॉक आला आणि गेला

डॉक म्हणजे प्लेअर बसवण्यासाठी खाच असलेला स्पीकर. खाचेतील जोडणीतून गाण्याचा संकेत स्पीकरला मिळतो आणि त्याच वेळी प्लेअरची बॅटरीही चार्ज होत राहते. अ‍ॅपल कंपनीचा आयपॉड २००१ मध्ये बाजारात आला. २००३ मधील आयपॉडला तीस पिनांची रुंद जोडणी मिळाली आणि तिच्याभोवती डॉकचा मोठा बाजार उभा राहिला. २००४ मध्ये आलेला बोस कंपनीचा 'साउंडडॉक' हे त्यातले गाजलेले नाव. तारा नाहीत, जोडाजोडी नाही, प्लेअर बसवला की गाणे सुरू. ही सोय खरोखरच मोलाची होती.

मात्र तिची एक किंमत होती. २०१२ मध्ये कंपनीने तीस पिनांची जोडणी सोडून 'लाइटनिंग' ही लहान जोडणी आणली आणि लाखो चांगले डॉक एका दिवसात जुने झाले. पुढे आयपॉडच्या शेवटच्या प्रकाराचे उत्पादनही मे २०२२ मध्ये थांबल्याचे जाहीर झाले, आणि २०२३ पासून त्याच कंपनीच्या फोनवर 'यूएसबी-सी' आली. म्हणजे वीस वर्षांत जोडणी तीनदा बदलली. चांगल्या स्पीकरचा कागदी पडदा आणि चुंबक मात्र वीस वर्षे सहज टिकतात. उपकरण बाद होते ते बहुधा आवाजामुळे नव्हे, तर खाचेमुळे, हा डॉकच्या इतिहासातून घेण्याचा धडा आहे. स्पीकर घेताना तो आज कोणत्या प्लेअरला जुळतो यापेक्षा तो किती वेगवेगळ्या वाटांनी आवाज आत घेऊ शकतो, हे पाहावे.

आधी जागा पाहा

शहरातील सदनिकेच्या खोलीत चारही बाजूंना काँक्रीट, खाली फरशी आणि वर स्लॅब असतो. या कठीण पृष्ठभागांवरून आवाज परत फिरतो आणि लहानसा स्पीकरही मोठा भासतो. तेरसारख्या गावातील जुन्या घरात ओसरी असते, मध्ये उघडा चौक किंवा पुढे अंगण असते. उघड्यावर आवाज परत करणारे काही नसते. अशा ठिकाणी अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून एक मीटरवर ८० डेसिबल असलेला आवाज दोन मीटरवर ७४, चार मीटरवर ६८ आणि आठ मीटरवर ६२ डेसिबल इतकाच राहतो. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे ओसरीवर ठेवलेल्या स्पीकरमधला अभंग अंगणाच्या टोकाला बसलेल्याला शेजारच्या गप्पांइतकाच ऐकू येईल.

यावर लोक सहसा आवाज वाढवतात. त्याने जवळच्याचे कान किटतात आणि दूरच्याला गाणे फाटके ऐकू येते. उत्तम उपाय म्हणजे स्पीकर श्रोत्यांच्या जवळ आणणे, आणि अंगण मोठे असेल तर एका मोठ्याऐवजी दोन लहान स्पीकर दोन ठिकाणी ठेवणे. एकाच प्रकारचे दोन स्पीकर बिनतारी जोडून एकत्र वाजवण्याची सोय आज अनेक स्पीकरमध्ये असते. ती आहे का, हे विचारून घ्यावे.

जुन्या घरांतील आणखी एक सवय म्हणजे रेडिओ कोनाड्यात ठेवण्याची. जागेच्या दृष्टीने ते सोयीचे असते, पण तीन बाजूंच्या भिंतींमुळे खर्ज अनावश्यक फुगतो आणि गाणाऱ्याचा आवाज घुमट, जाड होतो. स्पीकर कोनाड्यातच ठेवायचा असेल तर तो अगदी पुढच्या काठाशी असावा. शक्य असल्यास तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, एखाद्या फळीवर किंवा स्टुलावर ठेवावा. जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरचा बारीक आवाज सतरंजीत आणि माणसांच्या पाठींत हरवून जातो. एवढ्या बदलाने आवाजात पडणारा फरक पाहून अनेकांना नवा स्पीकर घेण्याची गरजच उरत नाही.

वॉटचे गणित

खोक्यावरील सर्वांत ठळक आकडा वॉटचा असतो आणि सर्वांत जास्त फसगतही त्याच्यावरूनच होते. जुन्या वाचकांना टेपरेकॉर्डरवरील 'पीएमपीओ' आठवत असेल. हातात मावणाऱ्या यंत्रावर हजार-दोन हजार वॉट लिहिलेले असत. तो आकडा क्षणभरच्या कमाल उसळीचा, आणि तोही कोणत्याही ठरलेल्या पद्धतीविना मोजलेला असे. खरा विचार 'आरएमएस' वॉटचा करावा. स्पीकर सतत किती शक्तीने वाजू शकतो, हे त्यावरून कळते.

आरएमएस आकडाही समजून वाचावा लागतो. वॉट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही; वाढ केवळ ३ डेसिबलची असते आणि ती कानाला जेमतेम जाणवते. आवाज दुपटीने मोठा वाटण्यासाठी साधारण दहापट शक्ती लागते. म्हणून १० वॉटच्या स्पीकरऐवजी १६ वॉटचा घ्यावा का, या प्रश्नावर फार डोके शिणवू नये. एका खोलीसाठी ५ ते १० वॉट पुरतात. ओसरी आणि लहान अंगणासाठी २० वॉटच्या आसपासचा विचार करावा. शंभर-दोनशे माणसांच्या भजनासाठी मात्र हातात मावणारा कोणताही स्पीकर पुरणार नाही. तेथे मंडळाची ध्वनियंत्रणाच हवी.

लहान खोक्यातून खोल खर्ज निघत नाही, हा निसर्गनियम आहे. खर्जासाठी बरीच हवा हलवावी लागते आणि चार-पाच सेंटिमीटरच्या पडद्याला ते जमत नाही. त्यावर उपाय म्हणून अनेक स्पीकरच्या मागे किंवा बाजूला, वीज न जोडलेला, नुसता हवेच्या दाबाने हलणारा आणखी एक पडदा बसवतात. त्याने पखवाजाला थोडे अंग येते. पण चांगला आणि वाईट यातला भेद असा की, चांगल्या स्पीकरमध्ये पखवाजाची थाप पडून थांबते, तर वाईटात ती मागे रेंगाळते आणि पुढच्या शब्दावर चढते.

शब्द ऐकू येतात का?

नाच-गाण्यासाठी बनवलेले बहुतेक लहान स्पीकर खर्ज फुगवून दाखवतात, कारण दुकानात तोच पटकन मनात भरतो. अभंग, कीर्तन, प्रवचन, नाट्यगीत, भावगीत या आपल्या संगीतात सारा भार शब्दावर असतो. शब्द कळतो तो व्यंजनांमुळे, आणि व्यंजनांची ओळख पटवणारा ध्वनी मुख्यतः २ ते ४ हजार हर्ट्झ आणि त्यावरच्या पट्ट्यात असतो. स, श, त, फ या वर्णांतला भेद तिथेच ठरतो. हा पट्टा दबला की कीर्तनकार बोलतो आहे हे ऐकू येते, पण काय बोलतो आहे ते कळत नाही.

वृद्ध श्रोत्यांच्या बाबतीत हे अधिकच महत्त्वाचे आहे. वयोमानानुसार श्रवणशक्ती कमी होऊ लागते ती वरच्या, बारीक आवाजांपासून. त्यामुळे आजोबा 'आवाज वाढव' म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेकदा आवाज मोठा नको असतो, तो स्पष्ट हवा असतो. आवाज वाढवला की खर्जही वाढतो आणि शब्द पुन्हा त्याखाली गाडले जातात. ज्या स्पीकरवर किंवा प्लेअरवर खर्ज कमी आणि तार सप्तकाचा भाग किंचित जास्त करण्याची सोय आहे, तो अशा घरासाठी उजवा ठरतो. दुसऱ्या बाजूने, टाळांचा आवाज हीदेखील कडक परीक्षा आहे. स्वस्त स्पीकरमध्ये टाळ पत्र्यावर खडे पडल्यासारखे वाजतात आणि दहा मिनिटांत डोके धरते. शब्द स्पष्ट आणि टाळ गोड, या दोन्ही कसोट्यांवर उतरणारा स्पीकर खर्जात थोडा कमी असला तरी खुशाल घ्यावा.

एकाच लहान खोक्यात डावा-उजवा असे दोन पडदे असले तरी त्यांच्यातील अंतर वीतभरच असते. दोन पावले मागे सरकले की दोन्ही आवाज एकच होतात. तेव्हा केवळ 'स्टिरिओ' या शब्दासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

आवाज आत घेण्याच्या वाटा

ब्लूटूथ ही आजची राजमान्य वाट. फोन आणि स्पीकर यांच्यात साधारण दहा मीटरपर्यंत ती चालते; मध्ये जाड मातीची भिंत आली की हे अंतर घटते. तिच्यासाठी फोन लागतो, जोडणी लागते, आणि मध्येच फोन वाजला की अभंग थांबतो. तरुणांना याचे काही वाटत नाही. पण सत्तरीच्या माणसाला हेच अडचणीचे होते.

म्हणून दुसरी वाट हवी ती मेमरी कार्ड किंवा पेनड्राइव्हची. गाणी कार्डात भरून ठेवली की स्पीकर स्वतःच प्लेअर होतो. मिनिटाला सुमारे एक एमबी या हिशेबाने, म्हणजे साध्या १२८ केबीपीएस एमपी-थ्री नमुन्यात, ३२ जीबीच्या कार्डावर पाचशेहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण मावते. येथे दोन बारकावे आहेत. अनेक स्पीकर ३२ जीबीपर्यंतचे आणि 'फॅट-३२' पद्धतीने तयार केलेलेच कार्ड वाचतात. त्याहून मोठे कार्ड घेण्यापूर्वी चौकशी करावी. दुसरे असे, की बरेच स्वस्त स्पीकर गाणी नावाच्या क्रमाने न वाजवता कार्डावर ज्या क्रमाने भरली त्या क्रमाने वाजवतात. काकड्यापासून शेजारतीपर्यंतचा क्रम हवा असेल तर गाणी त्याच क्रमाने, एकामागून एक भरावीत.

तिसरी वाट साडेतीन मिलिमीटरच्या गोल खाचेची, म्हणजे 'ऑक्स'ची. नव्या स्पीकरमधून ती हळूहळू नाहीशी होत आहे, पण जुना आयपॉड, जुना सीडी प्लेअर, टेपरेकॉर्डर, दूरचित्रवाणी संच या सर्वांना जोडणारी समाईक वाट तीच आहे. ज्या घरात जुनी यंत्रे आहेत त्यांनी ती असलेलाच स्पीकर शोधावा.

चौथी वाट एफएम रेडिओची. आकाशवाणीचे धाराशिव केंद्र ऐकणाऱ्यांना ती हवीच असते. स्पीकरमध्ये स्वतंत्र एरियल आहे की चार्जिंगची ताराच एरियल म्हणून वापरावी लागते, हे पाहावे.

या सर्व वाटांवर हात फिरवणाऱ्या बटनांचाही विचार करावा. सारेगामा कंपनीने २०१७ मध्ये 'कारवां' हा पाच हजार जुनी हिंदी गाणी भरलेला, रेडिओसारखा दिसणारा स्पीकर आणला, पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. त्याला मिळालेल्या प्रतिसादाचे रहस्य तंत्रज्ञानात कमी आणि मोठ्या गोल बटनात अधिक होते. डोळे मिटून हाताला लागेल असे चालू-बंद आणि आवाजाचे बटन असणे, हा वडीलधाऱ्यांसाठी पहिला निकष मानावा. स्पीकर सुरू होताना इंग्रजीत मोठ्याने 'कनेक्टेड' असे ओरडणार असेल तर ती घोषणा बंद करता येते का, हेही विचारावे. पहाटेच्या शांततेत ती फार खटकते.

घरात जुना डॉक असेल तर

तीस पिनांचा चांगला डॉक घरात पडून असेल तर तो लगेच भंगारात देऊ नये. त्याच्या मागे ऑक्सची खाच असेल तर कोणताही प्लेअर साध्या तारेने जोडता येतो. ती नसेल तर तीस पिनांच्या खाचेत बसणारा लहान ब्लूटूथ ग्राहक मिळतो. तो बसवला की जुना डॉक फोनवरून वाजू लागतो. याउलट जुना आयपॉड शाबूत आणि डॉक बिघडलेला असेल, तर आयपॉडच्या हेडफोनच्या खाचेतून नव्या स्पीकरच्या ऑक्सला तार जोडावी. काही जुने डॉक २००८ नंतरच्या प्लेअरना वाजवतात, पण चार्ज करत नाहीत, कारण त्या सुमारास चार्जिंगची पद्धत बदलली. हा बिघाड नव्हे, हे दुरुस्तीचे पैसे देण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. जुने डॉक बाजारात स्वस्त मिळतात, मात्र विजेचा मूळ अडॅप्टर सोबत असल्याशिवाय घेऊ नयेत. वेगळ्या व्होल्टचा अडॅप्टर लावून अनेक डॉक जळतात.

बॅटरी, ऊन आणि धूळ

गावाकडे वीज अधूनमधून जाते, त्यामुळे बॅटरी हा गावच्या स्पीकरचा प्राण आहे. 'बारा तास' हा खोक्यावरील आकडा बहुधा मध्यम आवाजावर मोजलेला असतो. अंगणात आवाज वाढवला की तो निम्म्यावर येऊ शकतो. दोन स्पीकरची तुलना करताना मिलीअँपिअर-तासांना व्होल्टने गुणून हजाराने भागावे, म्हणजे वॉट-तास मिळतात. ३.७ व्होल्टची २००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी ७.४ वॉट-तासांची असते. सारख्या आवाजाच्या दोन स्पीकरमध्ये ज्याचे वॉट-तास जास्त तो बहुधा अधिक वेळ चालतो. चार्जिंगसाठी यूएसबी-सी खाच असली तर घरातील फोनचाच चार्जर बहुतेक वेळा चालतो आणि एक तार हरवल्याने स्पीकर बंद पडत नाही.

लिथियम बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि पत्र्याखाली, खिडकीत किंवा बंद मोटारीत तो त्याहून बराच वर असतो. स्पीकर उन्हात ठेवू नये, उन्हात चार्ज तर मुळीच करू नये. महिनोन्महिने वापर होणार नसेल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा न ठेवता निम्मा चार्ज करून ठेवावा. बॅटरी फुगून खोके उललेले दिसले तर स्पीकर त्याच क्षणी वापरातून काढावा. बॅटरी बदलता येते का आणि जवळच्या शहरात ती बदलून कोण देते, हा प्रश्न खरेदीच्या वेळीच विचारावा. चार्जर व बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी आहे का, तेही पाहावे.

धूळ आणि पाणी यांसाठी 'आयपी' ही खूण पाहावी. तिच्यातील पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६७ म्हणजे धूळ पूर्ण रोखणारा आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारा. 'आयपीएक्स ७' यातील 'एक्स'चा अर्थ धुळीची चाचणी नोंदवलेली नाही, असा होतो. खळ्यावर किंवा शेतावर स्पीकर नेणाऱ्यांनी म्हणूनच पाण्याच्या आकड्यावर समाधान न मानता पहिला आकडाही तपासावा.

दुकानातील थापटणे

आता प्रत्यक्ष परीक्षा. दुकानदाराने लावलेले गाणे ऐकून निर्णय घेऊ नये. तो आपल्या स्पीकरला शोभणारेच गाणे लावतो. स्वतःच्या ओळखीची तीन ध्वनिमुद्रणे सोबत न्यावीत. एक कीर्तन किंवा प्रवचन, एक टाळ-पखवाजासह अभंग आणि एक साधे गायन. प्रथम कीर्तन अगदी लहान आवाजात लावून शब्द कळतात का पाहावे. मग आवाज पूर्ण वाढवून अर्धा मिनिट ऐकावे. पखवाजाच्या थापेबरोबर गाणाऱ्याचा आवाज दबत असेल किंवा खरखर येत असेल तर शक्ती अपुरी आहे. स्पीकरच्या अंगावर बोटाने टकटक करावी. पोकळ, पत्र्यासारखा नाद आला तर वरच्या आवाजात तेच अंग थरथरणार. शेवटी दहा पावले मागे जाऊन, दुकानाच्या दाराबाहेर उभे राहून ऐकावे. अंगणातला अनुभव त्याच्या सर्वांत जवळ जातो.

ऑनलाइन खरेदी करणाऱ्यांना हे शक्य नसते. त्यांनी परत करण्याची मुदत पाहून घ्यावी आणि स्पीकर शहरातच अडवून न ठेवता त्या मुदतीत तो गावी, ज्या जागी वाजणार तेथे वाजवून पाहावा. पावती जपावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ऑनलाइन खरेदीलाही लागू आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

शेजारधर्म आणि कायदा

भक्तिसंगीत आहे म्हणून आवाजाला मर्यादा नाही, असा समज आढळतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सर्वांना सारखेच लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते पहाटे सहा, आणि या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवता येत नाही. खासगी जागेतील यंत्राचा आवाज जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये, असेही नियम सांगतात. याचा व्यवहारातील अर्थ असा, की पहाटेचा काकडा अंगणात न लावता घरात, दार लोटून, लहान आवाजात ऐकावा. चैत्र वद्य त्रयोदशीला गोरोबाकाकांच्या पुण्यतिथीनिमित्त गावात गर्दी असते, तेव्हा तर घराघरातून स्पीकर लावण्यापेक्षा प्रत्यक्ष भजनाला जाऊन बसणे केव्हाही चांगले.

आवाज जपून ठेवा

अनेक घरांत आजोबांचे भजन, आजीच्या ओव्या, एखाद्या सप्ताहातील कीर्तन कॅसेटवरून उतरवून जुन्या प्लेअरमध्ये किंवा एकाच कार्डात ठेवलेले असते. बाजारात पुन्हा विकत मिळणार नाही असे घरात काही असेल तर ते हेच. मेमरी कार्ड कायम टिकत नाही. वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिले तर त्यावरील नोंदी पुसट होऊ शकतात. अशा ध्वनिमुद्रणांच्या किमान तीन प्रती असाव्यात: एक स्पीकरच्या कार्डात, एक घरातील संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईबरोबर, तिन्ही प्रती वाजवून पाहाव्यात. जुना प्लेअर किंवा डॉक टाकून देण्यापूर्वी त्यातील सर्व काही उतरवून घेतले आहे ना, याची खात्री करावी. त्यानंतर तो घंटागाडीत न टाकता अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्यावा. बॅटरी कचऱ्यात दाबली गेली तर पेट घेऊ शकते.

खरेदीपूर्वी हे विचारा

१. स्पीकर कुठे वाजणार: खोलीत, ओसरीवर की अंगणात?
२. ऐकणारा कोण, आणि तो एकट्याने लावू शकेल का?
३. लहान आवाजात कीर्तनाचे शब्द स्पष्ट कळतात का?
४. वॉटचा आकडा आरएमएस आहे का?
५. ब्लूटूथखेरीज कार्ड, ऑक्स, एफएम यांपैकी काय काय आहे?
६. कार्ड किती जीबीपर्यंत चालते?
७. चार्जिंगची खाच घरातील फोनशी जुळते का?
८. बॅटरी बदलून मिळते का, आणि कुठे?
९. 'आयपी'चे दोन्ही आकडे काय आहेत?
१०. परत करण्याची मुदत किती, आणि तोवर गावी जाणे होणार आहे का?

दहांपैकी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे खोक्यावर छापलेली नसतात. ती आपल्यालाच शोधावी लागतात. ती मिळाली की उरलेल्या सातांचा निर्णय दुकानात पंधरा मिनिटांत होतो.